दहा तोंडं, तीन लाल

वयाच्या विसाव्या वर्षी मी आमच्या घरमालकिणीला, शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना आणि माझ्या सख्ख्या आत्याला टायफॉइड करून टाकला. कागदावरच केला, पण कागद सरकारी होता, रंगीत छापलेला होता आणि त्याच्या शेकडो प्रती निघाल्या होत्या.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. आम्ही बंगलोरला चामराजपेठेत एका वठारात राहत होतो. वठार म्हणजे मधे अंगण, अंगणात एक विहीर आणि एक नळ, आणि भोवती सात बिऱ्हाडं. अण्णा, म्हणजे माझे वडील, विमानाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मूळचे आम्ही बेळगावकडचे. त्यामुळे घरात मराठी, अंगणात कन्नड, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही.

मी चित्रकलेची परीक्षा पास झाले होते आणि एका सरकारी आरोग्य कचेरीत मला पोस्टरं रंगवायची हंगामी नोकरी मिळाली होती. कचेरीच्या मागच्या बाजूला औषधांच्या गोदामाला लागून एक लांबट खोली होती, तिला सगळे 'पेंटिंग सेक्शन' म्हणत. सेक्शनमध्ये आम्ही दोघंच. मी, आणि एक मेस्त्री. मेस्त्रींचं आयुष्य सिनेमाची मोठाली बॅनरं रंगवण्यात गेलं होतं. गुडघे दुखायला लागले, बांबूच्या परांचीवर चढवेना, तेव्हा ते आरोग्य खात्यात आले. पण हाताची सवय जाते कुठे? त्यांनी काढलेल्या कॉलऱ्याच्या जंतूला मिशा असत आणि तो एक भुवई वर करून बघत असे. मला ते 'तंगी' म्हणत, म्हणजे धाकटी बहीण, आणि ब्रश कसा धुवायचा इथपासून सगळं त्यांनीच मला शिकवलं.

आमचे साहेब डॉक्टर होते. परदेशात कसलासा कोर्स करून आलेले, काटकुळे, खिशाला दोन पेनं. त्यांचा आकड्यांवर फार जीव. ते म्हणत, "लोकांना आजार माहीत नाही असं नाही, मिस. किती घाबरायचं ते माहीत नाही. काहीजण उगाच घाबरतात, काहीजण मुळीच घाबरत नाहीत. आपण त्यांना भीतीचं माप दाखवायचं."

मग त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर दहा माणसांची एक रांग होती. माणसं म्हणजे काय, वर गोळा आणि खाली लांबोळका, लाकडी बाहुलीसारखी. त्यातली तीन लाल करायची होती. घाण पाणी न उकळता पिणारी आणि इंजेक्शन न घेतलेली दहा माणसं असली, तर त्यातल्या तिघांना टायफॉइड, असा त्याचा अर्थ. "तीन हा काही मोजलेला हिशोब नाही," त्यांनी मुद्दाम सांगितलं, "समजावण्यापुरता आकडा. कल्पना पोचली पाहिजे."

आम्ही पोस्टर केलं आणि हेब्बाळच्या तळ्यापलीकडच्या एका खेड्यात जीपने घेऊन गेलो. देवळाच्या भिंतीवर ते लावलं आणि डॉक्टरांनी लोकांना विचारलं, "यात काय दिसतं?"

लोकांनी बराच वेळ पाहिलं. शेवटी एक म्हातारा पुढे झाला. म्हणाला, "तिघांना सरकारने सदरे दिलेत. उरलेल्या सातांना कधी मिळणार?"

पाठोपाठ बायकाही विचारायला लागल्या. लुगडी पण मिळणार का? नाव कुठे नोंदवायचं? डॉक्टरांनी तासभर समजावलं. परत निघताना तोच म्हातारा जीपजवळ आला आणि आपल्या छातीचं माप सांगून गेला.

वाटेत डॉक्टर आपला तो कागद पुन्हा पुन्हा बघत होते. मेस्त्री म्हणाले, "सर, तोंड नाही, डोळे नाहीत. कोण कोणासाठी घाबरणार? सिनेमाला लोक बोर्डावरची अक्षरं बघून येत नाहीत. फेस बघून येतात."

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "दहा चेहरे काढा. साधी, रोज दिसणारी माणसं. तीन लाल."

मेस्त्रींच्या हातात तेव्हा माशीचा पंधरा फुटी कटआउट होता, त्यामुळे चेहरे माझ्याकडे आले.

मला रोज दिसणारी माणसं म्हणजे आमच्या वठारातली आणि गल्लीतली. आई, अण्णा, दूधवाली, कॉफीची पूड विकणारा दुकानदार, कोपऱ्यावरचा शिंपी काढला. मेस्त्रींना काढलं. एका कोपऱ्यात स्वतःलाही काढलं. हे सात झाले. उरलेल्या तिघांसाठी मला विचार करावा लागला नाही.

घरमालकिणीला सगळं वठार दोड्डम्मा म्हणायचं, म्हणजे थोरली आई. अंगाने आणि आवाजाने त्या तशाच होत्या. अंगणातल्या नळावर त्यांनी लोखंडी झाकण बसवलं होतं आणि सकाळी आठच्या ठोक्याला त्या त्याला कुलूप घालत. डोक्याला शिकेकाई लावलेली असताना दोनदा माझं पाणी तुटलं होतं. पोस्टमास्तर फाटकाजवळ खुर्ची टाकून बसत आणि सातही बिऱ्हाडांची पोस्टकार्डं आधी स्वतः वाचत. "पोस्टकार्ड उघडंच असतं, त्यात काय लपवायचं?" असं त्यांचं म्हणणं. आणि आत्या माझं लग्न जमवायला बेळगावहून आली होती आणि ते जमेपर्यंत तिने मुक्काम ठोकला होता. मी नोकरीला निघाले की ती रोज दारात म्हणायची, "जा, जा, माश्या रंगवायला जा. उद्या नवराही माशीच मिळेल."

त्या तिघांना मी लाल केलं. नुसतं लाल नाही, चांगलं रसरशीत लाल, डोळ्यांखाली निळसर छटा, कपाळावर घामाचे थेंब. फार सुखाचे ते दोन दिवस होते.

डॉक्टरांनी चित्र हातात धरून दूर नेलं, जवळ आणलं. "माणसं अगदी खरी वाटतात."

"कल्पनेतली आहेत, सर," मी म्हटलं.

मेस्त्रींना एकदम खोकला लागला.

पोस्टरं छापून हेब्बाळकडच्या खेड्यांत जायची होती. चामराजपेठ कुठे आणि हेब्बाळ कुठे! शहराची दोन टोकं. मी निर्धास्त होते. पण डॉक्टरांनी परदेशी कोर्समध्ये शिकलेलं एक तत्त्व ऐन वेळी आठवलं. बाहेर पाठवण्याआधी पोस्टर एका ठिकाणी लावून बघावं. कुठे? तर ज्या गल्लीतल्या विहिरीबद्दल हेल्थ इन्स्पेक्टरचा शेरा वाईट असेल तिथे. त्यांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि दुपारच्या चहाला मला आनंदाने सांगितलं, "मिस, तुमच्याच पेठेत निघालं! सकाळीच शिपाई खळ घेऊन गेलाय. एका वठाराच्या फाटकालगतच चांगली मोठी भिंत मिळाली म्हणे."

मी हातातला कप खाली ठेवला. मेस्त्री कन्नडमध्ये एवढंच म्हणाले, "तंगी, आज मागच्या दाराने घरी जा."

आमच्या वठाराला मागचं दार नव्हतं.

संध्याकाळी मी पोचले तेव्हा फाटकाशी जत्रा भरली होती. सात बिऱ्हाडं, शिवाय समोरची आळी, शिवाय शिंपी आपलं मशीन तसंच टाकून आलेला. चित्राच्या खाली डॉक्टरांनी स्वतः सुचवलेली ओळ कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत होती, 'या दहांत तुम्ही कोण?' आणि आपण कोण ते प्रत्येकाला अगदी नेमकं कळलं होतं.

शिंपी खूष होता. "नोडी, बघा, मी ठणठणीत!" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. कॉफीवाला आपल्या बायकोला बोलवायला गेला होता. पोस्टमास्तर चष्मा पुसून पुसून स्वतःच्या कपाळावरचे घामाचे थेंब मोजत होते. आई पदर तोंडाशी धरून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं, रडते आहे.

आत्याने मला पाहिलं आणि हंबरडा फोडला. "रविवारी मुलाकडची माणसं यायची आहेत! फाटकातच त्यांना आजारी आत्या दिसणार! कोण आत पाऊल टाकेल?"

हा फायदा माझ्या लक्षातच आला नव्हता. मी चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला.

अण्णांनी चित्र जवळून पाहिलं, कारखान्यात नकाशा तपासावा तसं, आणि म्हणाले, "नाकं बरोबर आली आहेत."

मग गर्दी बाजूला झाली आणि दोड्डम्मा पुढे आल्या. मला वाटलं, आता बिऱ्हाड बाहेर. पण त्या ओरडल्या नाहीत. हळूच बोलल्या, तेच जास्त वाईट होतं.

"मला ताप आणलास. सरी, ठीक आहे. माझ्या नळाचा राग असेल. पण स्वतःला का गं सोडलंस? गाल बघ कसे काढलेत, सफरचंदासारखे. तू पण याच विहिरीचं पाणी पितेस ना?"

सगळ्यांनी चित्रातल्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खरोखरच स्वतःला गुलाबी गाल दिले होते.  मी घरात गेले आणि त्या दिवशी आम्ही ताटातच नजर ठेवून जेवलो. आई तेवढी मधूनमधून उठून मोरीत जाऊन हसून येत होती.

पोस्टमास्तरांनी डॉक्टरांना तक्रार लिहिली. अर्थातच पोस्टकार्डावर, म्हणजे वाटेत सगळ्यांना वाचता यावी. दोन दिवसांनी डॉक्टरांनी मला बोलावलं. कार्ड त्यांच्या टेबलावर होतं.

"कल्पनेतली माणसं आहेत, म्हणालात."

"हो, सर."

"कल्पनेला पत्ता असतो का, मिस? इथे घर नंबर दिलाय."

मी मान खाली घातली. नोकरी गेली, हे मी मनात पक्कं केलं. आत्याला किती आनंद होईल याचंही चित्र डोळ्यांपुढे आलं. पण डॉक्टरांनी वेगळ्याच आवाजात विचारलं, "लोक ते पोस्टर बघतात का?"

"सर, लावल्यापासून गर्दी हटलेली नाही. शेजारच्या पेठेतून लोक येतात. दोड्डम्मांनी रागाने दोनदा पाणी उकळलं."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "संध्याकाळी मी येतो. माफी मागायला हवी. मेस्त्रींनाही घ्या."

डॉक्टर आले. दोड्डम्मांनी त्यांना ओसरीवर बसवलं, कॉफी दिली, आणि समोर बसकण मारून विचारायला सुरुवात केली. वठार भोवती उभं होतं.

"डॉक्टर, मलाच ताप येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तसं नाही, अम्मा. दहातल्या कुणाही तिघांना येऊ शकतो."

"कुठल्या तिघांना?"

"ते कुणालाच आधी माहीत नसतं."

"कोण ते माहीत नाही, आणि तीन आहेत हे माहीत आहे?"

"हो. म्हणजे… साधारण."

"अय्यो," दोड्डम्मा म्हणाल्या, "मग चित्रात नाव घेऊन का सांगता? माहीत नाही तर माहीत नाही असं काढा ना!"

डॉक्टर कप हातात धरून बसले. परदेशात त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. मला मात्र ते ऐकताना पहिल्यांदा आपली चूक कळली. चेष्टा केली ही चूक नव्हती. कोण सापडणार ते ठाऊक असल्यासारखं मी काढलं होतं, ही होती. लाल झालेल्यांना तो शाप वाटला आणि उरलेले सात निवांत झाले. शिंपी तर त्या दिवसापासून विहिरीचं पाणी जास्तच पीत होता.

ओसरीच्या पायरीवर बसलेले मेस्त्री म्हणाले, "माहीत नाही असं काढता येईल. चाक लागेल."

सिनेमाच्या दारात देवाचे मोठे कटआउट उभे करत, त्यांच्या डोक्यामागे फिरणारं तेजाचं चाक मेस्त्रींनी पुष्कळदा बनवलं होतं. त्यांची युक्ती साधी होती. एक मोठी फळी, तिच्यात गोलाकार दहा भोकं. प्रत्येक भोकावर पातळ कापड ताणून त्यावर चेहरा. मागे एक फिरतं चाक, त्यावर तीन ठिकाणी लाल रंग, बाकी पांढरा. चाकाच्या दांडीला हिसका दिला की चाक गरगरणार, आणि थांबेल तेव्हा ज्या तीन चेहऱ्यांमागे लाल येईल ते लाल दिसणार. पुन्हा फिरवलं की दुसरे तीन.

अण्णांचे डोळे चमकले. यंत्र म्हटलं की ते असेच व्हायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यात रीतसर विचारून भंगारात निघालेलं एक बेअरिंग आणि ट्रेसिंगच्या कापडाचे तुकडे आणले. नकाशे काढायचं ते कापड असं सुरेख, की मागचा रंग चेहऱ्यावर ताप चढावा तसा उमटायचा. दोड्डम्मांनी ओसरी दिली, पण एका अटीवर. "दहांत डॉक्टर पाहिजेत. आणि या मुलीचे गाल दुरुस्त झाले पाहिजेत." मेस्त्रींनी स्वतःचा चेहरा वगळून तिथे डॉक्टरांना बसवलं. माझे गाल मी माझ्या हाताने फिके केले.

येत्या रविवारी ओसरीवर चाक आणि अंगणात इंजेक्शनचं टेबल असा बेत ठरला. मुलाकडची माणसंही त्याच दिवशी यायची होती. आत्याने त्यांना तार करून पुढची तारीख दिली. मी हरकत घेतली नाही.

पहिला मान दोड्डम्मांचा. त्यांनी पदर खोचला आणि दांडीला असा हिसका दिला की फळी हादरली. चाक सरसरत राहिलं, हळू झालं, थांबलं. कॉफीवाला, शिंपी आणि डॉक्टर.

काय ओरडा झाला! शिंप्याचं तोंड उतरलं. "पुन्हा, पुन्हा!" तो म्हणत होता. पण दोड्डम्मा डॉक्टरांकडे बघत होत्या.

"डॉक्टर, तुम्ही या वर्षी टोचून घेतलं?"

डॉक्टरांनी घसा साफ केला. "मी म्हणजे… कामाच्या गडबडीत…"

"स्वल्प, जरा इकडे या."

त्यांनी डॉक्टरांचा शर्ट स्वतःच्या हाताने कोपराच्या वर सारला. नर्सने सुई उचलली. भीतीचं माप शिकवणारे आमचे डॉक्टर पांढरेफटक पडले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. सुई लागली तेव्हा त्यांनी आईला हाक मारली, तीही अगदी घरगुती तेलुगूत. ते तेलुगू आहेत हे कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर रांग लावावी लागली नाही, आपोआप लागली. प्रत्येकजण एकदा चाक फिरवायचा आणि टेबलाकडे जायचा. तिसऱ्या फेरीला माझा चेहरा लाल झाला. ते कापड मीच ताणलं होतं, रंग मीच कालवला होता, मागचं चाक माझ्या डोळ्यांदेखत बसवलं होतं. तरी मी चटकन आपला दंड पदराने झाकला. सात महिने मी इंजेक्शन घ्या म्हणून पोस्टरं रंगवत होते आणि हात दुखतो म्हणून स्वतः घेतलं नव्हतं. दोड्डम्मांनी काही म्हणायच्या आत मी टेबलाशी गेले.

पोस्टमास्तरांनी टोचून घेतलं. आत्याने तर माझ्याकडे बघत, "घे, आता तरी कर मला बरी," म्हणत घेतलं. फक्त अण्णा निसटले. त्यांनी तीन वेळा चाक फिरवलं, एकदाही लाल आले नाहीत. "यंत्राने मला सोडलंय," असं म्हणून बेअरिंगला तेल घालत बसले.

त्या काळचं ते इंजेक्शन म्हणजे काय होतं, हे ज्यांनी घेतलं त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी वठारात एकाही माणसाचा दंड वर होईना. कुणी कण्हत होतं, कुणी अंगातल्या कसकशीने पांघरुणात होतं. नळावर रांग नाही, विहिरीवर रहाटाचा आवाज नाही. आठ वाजले. दोड्डम्मांना कुलूप उचलवेना. त्या दिवशी आमच्या वठाराचा नळ दिवसभर उघडा राहिला.

आणि पाणी भरलं कुणी? ज्यांचा हात धड होता त्यांनी. अण्णा कारखान्यातून अर्धी रजा टाकून सातही बिऱ्हाडांचे हंडे भरत होते आणि बायका दारात बसून डाव्या हाताने दाखवत होत्या, "अण्णा, तो पितळी आमचा."

इतपत सगळं गमतीचं होतं. श्रावणात अण्णांना ताप भरला. चार दिवस उतरला नाही तेव्हा डॉक्टर घरी आले, पोट दाबून पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं. टायफॉइडच निघाला. अण्णा तीन आठवडे पडून होते. शेवटी शेवटी त्यांना चादरीखाली शोधावं लागे, इतके वाळले. दोड्डम्मा रोज दोनदा पातळ गंजी, म्हणजे तांदळाची पेज, करून आणत आणि चमचा स्वतः धरत. एका शब्दाने त्या त्यांना बोलल्या नाहीत. अण्णांच्या अंगात बोलण्याइतकी ताकद आल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तुझ्या यंत्रात दोष आहे," ते म्हणाले. "लाल न आलेल्या माणसाला ते शहाणं करत नाही."

"मग काय करायचं, अण्णा?"

"एकेकट्याला फिरवू देऊ नका. सगळ्यांसमोर पुष्कळ वेळा फिरवा. दहा-वीस वेळा. प्रत्येकजण कधी ना कधी लाल येतो हे डोळ्यांनी दिसू दे."

आजारी माणसाने अंथरुणावरून केलेली ती दुरुस्ती मी डॉक्टरांना सांगितली. त्यांनी ती वहीत लिहून घेतली आणि म्हणाले, "ड्राफ्ट्समनना माझा नमस्कार सांगा." अण्णा बरे होईपर्यंत डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत राहिले.

कार्तिकात बसवनगुडीला शेंगांची जत्रा भरते. रस्ताभर भुईमुगाच्या शेंगांचे ढीग, आणि माणसं इतकी की खांद्याला खांदा. डॉक्टरांनी ठरवलं, चाक तिथे न्यायचं आणि अण्णांनी सांगितल्याप्रमाणे सारखं फिरवत ठेवायचं. शेजारी तंबूत टोचायची सोय. मेस्त्री दांडीवर, मी बोलायला.

तासभर फार छान चाललं. मग माझ्या लक्षात आलं की लोक मोठमोठ्याने दोड्डम्मांचं वर्णन करताहेत. "जाडी बाई! जाडी बाई!" कुणी ओरडायचं, "चष्मेवाला!" चाक थांबलं की अर्धी गर्दी उड्या मारायची आणि पुढ्यातल्या शेंगा इकडून तिकडे जायच्या. लोक पैजा लावत होते. सर्वांत जास्त शेंगा आत्यावर होत्या. ती लागोपाठ तीनदा लाल आली होती आणि तिचा भाव चढला होता.

मी मेस्त्रींना थांबवायला गेले तर त्यांच्या धोतराच्या सोग्यातही ओंजळभर शेंगा. "तंगी, एकच डाव," ते म्हणाले.

तेवढ्यात हवालदार आला. त्याने गर्दी पाहिली, चाक पाहिलं, शेंगा पाहिल्या. जत्रेत जुगाराला बंदी होती. "सर, हे आरोग्य शिक्षण आहे," मी सांगितलं. त्याने मेस्त्रींच्या सोग्याकडे बोट केलं आणि चाक उचलून ठाण्यात नेलं.

डॉक्टर, मेस्त्री आणि मी तासाभराने ठाण्यावर गेलो. बाहेरूनच ओळखीची सरसर ऐकू येत होती. आत चाक भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि चार हवालदार त्याच्यापुढे उभे होते. संध्याकाळच्या जत्रेच्या बंदोबस्ताला कुणी जायचं, ते ठरत होतं. प्रत्येकाने एकेक तोंड वाटून घेतलं होतं. आम्हाला पाहून ते सावध उभे राहिले.

फौजदार साहेब टेबलामागे बसून पंचनामा लिहीत होते. डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावलं. फौजदारांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे या दहांत आपण कोण ते कधीच कळत नाही?"

"कधीच नाही."

"आणि इंजेक्शन घेतलं तर?"

"तर लाल व्हायची पाळी पुष्कळ कमी येते. अजिबात येणार नाही असं मी सांगणार नाही."

फौजदारांना ते शेवटचं वाक्य आवडलं असावं. ते म्हणाले, "सगळे डॉक्टर छातीठोक बोलतात. तुम्ही पहिले." मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि बाही दुमडली. जत्रेतल्या तंबूतून नर्सला बोलावून घेतलं, आणि ठाण्यातल्या झाडून सगळ्या माणसांना तिथेच टोचलं. कोठडीत दोन खिसेकापू होते, त्यांनीही गजांतून हात बाहेर काढले.

चाक परत मिळालं, पण पंचनामा लिहून झाला होता आणि लिहिलेला कागद फाडता येत नाही, असं फौजदार म्हणाले. त्यात लिहिलं होतं, 'चेहरे दहा, दांडी एक, लाल रंग तीन ठिकाणी, भुईमुगाच्या शेंगा अंदाजे ओंजळभर. जुगाराचा संशय निराधार.' खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. डॉक्टरांच्या शिफारशीवरून महिन्याभराने मला नोकरीत कायम केलं. शेंगा मात्र ठाण्यातच राहिल्या.